टायर की ब्रेक? : आमच्या जुन्या पिकअपची घरची दुरुस्ती

आमच्या अंगणात फणसाखाली एक पिकअप उभी असते. महिंद्राची, लांब चॅसीची, डिझेलवर चालणारी, आणि हवं तेव्हा पुढच्या चाकांनाही ताकद देणारी. वयाने ती माझ्यापेक्षा मोठी आहे. काजू, शेणखत, लाकूडफाटा, मांडवाचं सामान, एकदा बाळंतीण आणि तिची आई, सगळं तिने वाहिलंय. जांबोटी मागे टाकून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. तिथला पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला आम्ही ही गाडी का विकत नाही हे सांगावं लागत नाही.

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी दे म्हटल्यावर मैत्रिणींनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. मागच्या उन्हाळ्यात दीड महिना मी त्या गाडीखाली होते, तेवढंच मला लिहिता येईल.

सुरुवात दादाच्या हौसेने झाली. काजूचे पैसे हातात आले होते आणि गाडीसाठी त्यातले ३० हजार बाजूला काढले होते. दादाला मोठे टायर हवे होते, गाडी उंच करायची होती, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड बसवायचा होता. मोबाईलवर असल्या गाड्या बघून त्याचे डोळे दिपलेले. काका म्हणाला, "आधी ब्रेक बघ की." दादा म्हणाला, "ब्रेक लागतायत की!" यावर घरात आठवडाभर वाद.

वाद कसा मिटला ते सांगते. काका भाजी भरून चोर्ला घाटाने साखळीला निघाला होता. अर्धा घाट उतरल्यावर ब्रेकचा पाय मऊ झाला, आणि पुढच्या वळणावर सरळ तळाला गेला. काकाने पायाने चार-पाच वेळा पंप मारला, गियर दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराकडच्या गटाराला घासून थांबवली. दोन क्रेट टोमॅटो गेले, बाकी काही नाही. खरी गंमत पुढे आहे. अर्ध्या तासाने ब्रेक परत जसाच्या तसा लागायला लागला. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवलं, तर त्यांनी पाय दाबून बघितला आणि सांगितलं, "ब्रेक ओके आहे."

गरम झाल्यावर जाणारा आणि थंड झाल्यावर परत येणारा ब्रेक म्हणजे काय? इथे माझी केमिस्ट्री कामाला आली.

ब्रेकच्या पायाखाली मास्टर सिलिंडर असतो. पाय दाबला की तो नळ्यांमधलं ब्रेक ऑइल ढकलतो, ते चाकातल्या छोट्या सिलिंडरला ढकलतं आणि तो सिलिंडर लायनर लावलेले शू फाकवून ड्रमवर दाबतो. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर: द्रव दाबला जात नाही. वाफ मात्र दाबली जाते. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. त्यात खनिज तेल नसतं, ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि हवेतली ओल शोषून घेतं, जसं प्रयोगशाळेतलं कॅल्शियम क्लोराइड बाटली उघडी राहिली की पाणावतं तसं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी प्यालेल्या ऑइलसाठी हाच आकडा १४० अंशांवर येतो. आमच्या गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. कणकुंबीच्या हवेत त्याने किती पावसाळे प्याले असतील देव जाणे. भरलेली गाडी घाटात सारखा ब्रेक दाबत उतरली, ड्रम तापले, चाकातल्या सिलिंडरात ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले आणि पाय त्या बुडबुड्यांना दाबत राहिला. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी. म्हणून सकाळी ब्रेक ओके.

एक सांगून ठेवते, कारण पायाला कळलं तर जीव वाचतो. पाय घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापून त्याची पकड गेलेली असते. पाय नेहमीपेक्षा खूप खाली जाऊन मग लागतो, तर ड्रम तापून फुगलाय, किंवा शू झिजलेत आणि अॅडजस्ट केलेले नाहीत. आणि पाय स्पंजासारखा मऊ लागतो, तर आत हवा किंवा वाफ आहे. जुन्या गाडीत तिन्ही गोष्टी एकाच घाटात भेटू शकतात. शिवाय आमच्या गाडीला चारही चाकांची मिळून एकच ब्रेक लाइन आहे. एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. उतारावर ज्या गियरने चढलो त्याच गियरने उतरायचं असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते उगाच नाही.

तर ३० हजारांतले पैसे आधी ब्रेकला. काम घरीच करायचं ठरलं.

पहिला नियम दादाने घातला आणि तो बरोबर होता: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही. लोखंडी घोड्या भाड्याने आणल्या. विटा किंवा चिऱ्यांची चळत लावायची नाही. चिरा वरून दणकट दिसतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की बघता बघता फुटतो. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून-मागून लाकडी ओंडक्याची अडण.

ड्रम काढले. दोन मागच्या चाकांतले सिलिंडर गळत होते आणि लायनर ऑइलने भिजलेले. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणारे लोक आहेत. आम्ही नवे लावले. ड्रममधली काळी धूळ कधी फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं. ड्रमला आतून चर पडले होते. ते काकाने बेळगावला उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे नेऊन टर्न करून आणले. या बाबतीत आम्ही नशीबवान. ओतकाम आणि मशीन शॉप इतकं जवळ कुठे मिळणार? पण ड्रमही किती कातायचा याला मर्यादा असते. पातळ झालेला ड्रम जास्त लवकर तापतो.

चाकातल्या सिलिंडरचे रबर बदलताना हाताला लागेल ते तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. साधं इंजिन ऑइल लागलं तरी हे रबर फुगून मऊ होतं. ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवायचं. आणि हेच ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं. आमच्या बॉनेटवरचा नकाशा त्याचा पुरावा आहे. (तो मी केला.)

मग हवा काढणं. हे दोघांचं काम. पायावर आई बसली, चाकापाशी मी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब." मी निपल सैल करते, बुडबुडे येतात. "धरून ठेव हां, सोडू नको." मी निपल आवळते. "सोड." आईने मध्येच एकदा पाय सोडला आणि नळीतून हवा उलटी आत गेली. पुन्हा पहिल्यापासून. वर टाकीत ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर तिथूनही हवा शिरते. जुनं ऑइल चहाच्या चोथ्यासारखं काळपट निघालं. नवं, स्वच्छ येईपर्यंत चारही चाकं केली. संध्याकाळी आई म्हणाली, "माझा पाय सुजला, पण ब्रेक दगडासारखा झाला." आता दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहिलीय.

पैसे उरले होते, पण दादाचं तोंड बारीक झालं होतं. म्हणून टायरचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. आताचे टायर साधारण २८ इंची, त्याला हवे होते ३१ इंची. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ११ टक्के जास्त पुढे जाणार. म्हणजे मीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ने पळत असेल. सगळे गियर तेवढे उंच होणार, चढावर पहिला गियर दमणार. आणि ड्रम तोच असल्यामुळे तेवढाच ब्रेक दाबला तरी रस्त्यावर मिळणारी पकड जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी. घाट आठवला. दादा गप्प.

उंच करण्याचा प्रयोग मात्र त्याने आधीच थोडा करून ठेवला होता, आणि त्याची फळं आम्ही भोगत होतो. पुढच्या पाट्यांना त्याने लांब शॅकल लावले होते. तेव्हापासून गाडी ५० च्या वर गेली आणि एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थाडथाड हलायचं, हातात धरवत नसे. दादाचं म्हणणं, चाकं बॅलन्स करून आणू. आणली. तरी तेच.

याचं कारण समजायला सायकल बघा. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी चाक आपोआप सरळ होतं. गाडीच्या पुढच्या चाकाची किंग पिनसुद्धा वरच्या टोकाला अशीच थोडी मागे कललेली असते, त्याला कॅस्टर म्हणतात. आमच्या गाडीत शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की चॅसी वर जाते, पाट्याचं पुढचं टोक खाली झुकतं, पाट्याला यू-बोल्टने बांधलेला धुरा पुढे गडगडतो आणि किंग पिनचं वरचं टोक पुढे येतं. कॅस्टर गेला. चाकाला सरळ राहायचं कारणच उरलं नाही. त्यात किंग पिनचं बेरिंग आणि टाय रॉड एंड थोडे ढिले असले की झालंच.

उपाय दोन. पाटा आणि धुरा यांच्या मध्ये लोखंडी पाचर घालून धुरा परत मागे कलवायचा, किंवा मूळ शॅकल परत लावायचे. आम्ही मूळ शॅकल लावले, एक टाय रॉड एंड बदलला, किंग पिनचं बेरिंग घट्ट केलं. यू-बोल्ट एकदा ताणले की ताणलेलेच राहतात, म्हणून नवे घेतले आणि दोनेकशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळले. थाडथाड थांबली. पाट्यांत जादा पान घालून उंची वाढवणारेही भेटले. त्याने गाडी कडक होते. खडबडीत जागी एक चाक हवेत लटकतं, आणि साध्या क्राउनची गाडी असली की सगळी ताकद त्याच लटकत्या चाकाला फिरवण्यात जाते. चिखलात जायचं तर पाटे मऊ हवेत, हे दादाला अजून पटलेलं नाही.

एक बदल मात्र आम्ही हौसेने केला आणि तो सगळ्यात स्वस्त पडला. धुऱ्याच्या हाउसिंगवर श्वास घ्यायला एक छोटं भोक असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. तापलेला धुरा ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. आमच्या मागच्या क्राउनमधलं ऑइल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. ऑइल बदललं, ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चॅसीवर उंच बांधली. शंभरेक रुपयांत काम. लोक पुढे गार्ड लावतात, हे करत नाहीत.

चॅसीचं काम कंटाळवाणं म्हणून थोडक्यात सांगते. आतल्या कोपऱ्यांत लाल माती साचून ओल धरते. माती खरवडून हातोडीने ठोकत गेलो. ठण आवाज आला तर चांगलं, थप आला तर सडलंय. एका जागी थप आला. तिथे वेल्डरने पट्टी मारली, पण डिझेलची टाकी उतरवून आणि बॅटरीची वायर सोडूनच. मग रेड ऑक्साइड आणि काळा रंग. आमच्याकडे खाली जळकं इंजिन ऑइल मारायची पद्धत आहे. गंज थांबतो हे खरं, पण बुश आणि रबरी नळ्या त्याने खराब होतात, आणि धूळ चिकटून वर थर बसतो. ब्रेकच्या नळ्यांजवळ तर ते नकोच.

पुढच्या गार्डचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. आमची गाडी मालवाहू, आठ वर्षांनंतर तिला दर वर्षी फिटनेस लागतो. तिथे वाढवलेली उंची आणि गार्ड घेऊन कोण उभं राहणार? काकाने तर हात जोडले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काका परत त्याच घाटाने भाजी घेऊन गेला. या वेळी मी शेजारी बसले होते. उतार सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी थांबवली, पाय दोनदा दाबून बघितला आणि दुसरा गियर टाकून हळूहळू उतरला. खाली पोचल्यावर मी चारही ड्रमजवळ हात नेऊन बघितला. डाव्या मागच्याची धग इतरांपेक्षा जास्त होती. शू जरा घट्ट बसलाय, तो एक दात सैल करायचाय.

दादाने टायरचा विषय सोडलेला नाही, पुढच्या काजूला बघू असं काका म्हणतो. तोवर मागच्या धुऱ्याचं ऑइल सील पाझरतंय, त्यासाठी अॅक्सल ओढून काढावा लागेल. पान्हे बादलीत डिझेलमध्ये भिजत घातलेत.