पदवी हाती, ऋण माथी

चरकाचार्यांनी प्राणैषणेनंतर लगेच धनैषणेला स्थान दिले आहे. वैद्याने अर्थार्जन करणे शास्त्रसंमतच होय. परंतु आज अनेक नववैद्यांची धनैषणा हप्त्यापाशीच संपते.

बी.ए.एम.एस.चा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. खासगी महाविद्यालयासाठी पहिली चार वर्षे, प्रतिवर्षी २ लाख रुपये कर्ज १० टक्के सरळव्याजाने घेतले असे समजू. शिक्षणानंतर वर्षभराने हप्ते सुरू होईपर्यंत आठ लाखांचे बारा लाख होतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १६ हजार रुपये. नालासोपाऱ्यात शंभर रुपये शुल्क घेणाऱ्या वैद्याचे दरमहा पहिले १६० रुग्ण बँकेचेच. गाळ्याचे भाडे व औषधांचा खर्च त्यानंतर.

परिणामी नाडीपरीक्षा, पंचकर्म शिकलेला तरुण रुग्णालयातील रात्रपाळी पत्करतो आणि स्वतंत्र चिकित्सालय लांबणीवर पडते.

पालकांनी प्रवेशापूर्वी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क पडताळून पाहावे. शक्य असल्यास शिक्षणकाळातच व्याज भरत राहावे. मग बोजा वाढत नाही. ज्येष्ठ वैद्यांनी आपले चिकित्सालय रिकाम्या वेळी नववैद्यांस वापरू द्यावे. हप्त्याची चिंता नसलेला वैद्यच रुग्णाला निःसंकोचपणे सांगू शकतो, ‘औषध नको, पथ्य पाळा.’