नऊ मिलिमीटरवरची बार्शी लाइट

आपल्या मेल-एक्स्प्रेसचा जुना आयसीएफ डबा साधारण २१ मीटर लांब असतो. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वाधिक चालणाऱ्या १:८७ या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. असे वीस डबे जोडले की गाडी होते जवळजवळ पाच मीटरची, म्हणजे सोळा फुटांची. तिला तेवढाच लांब फलाट हवा आणि फलाटाच्या दोन्ही टोकांना सांधे हवेत. वळणाचा हिशोब त्याहून कठीण. खऱ्या मार्गावरच्या चार अंशांच्या वळणाची त्रिज्या ४३७ मीटर असते, १:८७ मध्ये ती पाच मीटर भरते. दहा बाय बाराच्या खोलीत यातलं काहीच मावत नाही. म्हणून तयार मिळणारी वळणं ३६ ते ४५ सेंटिमीटर त्रिज्येची असतात. त्यांवर लांब डबे आले की त्यांचे कोपरे रुळाबाहेर लोंबतात आणि राजधानीसारखी गाडी तीन डब्यांची करून गोल गोल फिरवावी लागते.

बहुतेकांची हौस इथेच थकते, आणि दोष जागेच्या टंचाईवर टाकला जातो. मला तो दोष निवडीचा वाटतो. लहान जागेत मोठी रेल्वे कोंबण्याऐवजी मुळातच लहान असलेली रेल्वे निवडली, तर जागेशी भांडण उरत नाही. महाराष्ट्रात अशी रेल्वे होती, आणि तिचं गणित मॉडेलकारांच्या रुळाशी विलक्षण जुळतं. त्या गणितापर्यंत पोचण्याआधी ही प्रमाणं कुठून आली ते पाहू.

जर्मनीतल्या ग्योपिंगनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची खेळण्यातली रेल्वे मांडली. एका संचाचा रूळ दुसऱ्याला जोडता येऊ लागला, आणि संग्रह वाढवत नेण्याची सोय झाली. पुढे ३२ मिलिमीटरचं 'शून्य' गेज, म्हणजे दोन रुळांमधलं तेवढं अंतर, घराघरांत गेलं. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीच्या किल्लीवर चालणाऱ्या गाड्या १९२० सालच्या, त्याच मापाच्या. पण त्यांना खोलीची अख्खी जमीन लागे. टेबलावर मावणारी रेल्वे १९२२ साली बिंग कंपनीने केली, १९३५ मध्ये ट्रिक्स आणि मेर्कलिन विजेवरच्या छोट्या गाड्या घेऊन आले, आणि १६.५ मिलिमीटरचा रूळ रूढ झाला. शून्याच्या निम्मा, 'हाफ-ओ', म्हणून त्याचं नाव एचओ. १९६२ मध्ये आर्नोल्डने नऊ मिलिमीटरचा एन गेज आणला, १९७२ मध्ये मेर्कलिनने साडेसहा मिलिमीटरचा झेड. २००६ मध्ये जपानात तीन मिलिमीटर रुळाची, १:४५० प्रमाणातली गाडीही निघाली. तिचं कौतुक जरूर करावं, पण तिच्यात बारकाव्याला जागाच उरत नाही.

या इतिहासातली एक तडजोड आपल्यालाही लागू पडते. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. १९३०च्या दशकातल्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून गाडीचं अंग १:७६ ला वाढवलं आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचाच ठेवला. आजही ब्रिटनमधली बहुतेक मॉडेलं अशा अरुंद रुळावर धावतात. ज्यांना हे सलतं ते १८.८३ मिलिमीटरचा रूळ स्वतः बांधतात. भारतीय ब्रॉडगेजच्या हौशी माणसाची अडचण याच जातीची. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, बाजारात मिळतात साडेसोळा. डेक्कन क्वीन कितीही सुबक केली तरी समोरून पाहिली की ती अरुंद पायांवर उभी दिसते.

आता नॅरोगेज मोजू. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, बरोबर ८.७६. एन गेजचा रूळ नऊ मिलिमीटरचा, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा. तो डोळ्याला कळत नाही. अडीच फुटी गेजवर महाराष्ट्रात मूर्तिजापूरची शकुंतला होती, पुलगाव-आर्वी होती, आणि बार्शी लाइट रेल्वे होती.

बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. हलक्या रुळांवर जास्त माल कसा न्यावा, हा त्याच्या ध्यासाचा विषय. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, आणि तो भार इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळ्यांवर सारखा वाटायचा, हे त्याचं सूत्र. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने आठ चालक चाकांची टाकीवाली इंजिनं बांधली. मेन लाइनवरच्या बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शी गावापर्यंतचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारी झाली, आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड ही चिमुकली रेल्वे उभी केली. ती १९०४ ते १९३४ अशी तीसच वर्षं चालली, तरी ब्रिटिश मॉडेलकारांच्या ती आजही आवडीची. तिची थोरली बहीण आपल्या सोलापूर जिल्ह्यात शंभर वर्षं धावली. हौशी मंडळींच्या टेबलांवर तिला जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं.

जागा किती लागेल? बारा मीटरचा नॅरोगेज डबा १:८७ मध्ये चौदा सेंटिमीटरचा होतो. चार डबे आणि इंजिन मिळून पाऊण मीटरच्या आत बसतात. १२० बाय ४० सेंटिमीटरच्या तीन फळ्या जोडल्या की साडेतीन मीटरवर स्टेशन, मालधक्का आणि दोन्हीकडचं थोडं माळरान सहज मावतं. एका टोकाला पडद्याआड दोन-तीन रूळ ठेवायचे. गाडी तिथून 'कुर्डुवाडीहून' येते आणि तिथेच 'लातूरला' जाते. गोल फिरण्याची गरजच पडत नाही. फळ्या सुट्या होतात, भिंतीशी उभ्या करून ठेवता येतात.

स्थळ निवडून त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, ही शिकवण मला दोन ब्रिटिश माणसांच्या कामातून घ्यावीशी वाटते. पहिला जॉन अहर्न. त्याच्या मॅडर व्हॅली रेल्वेचं खोरं काल्पनिक, पण गल्ल्या, पूल, गिरण्या आणि बंदर अशा विश्वासाने उभे केलेले की रेल्वे त्या खोऱ्याची वाटते. तोवर बहुतेक लेआउट म्हणजे रुळांचं जाळं आणि मधल्या रिकाम्या जागी ठेवलेली घरं, असा प्रकार होता. दुसरा रॉय इंग्लंड. हा मूळचा ऑस्ट्रेलियन, १९२५ मध्ये ब्रिटनला आला. ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडल्या खोऱ्यात गवताने शाकारलेली जुनी घरं त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती, पडत होती. ती प्रमाणात करून ठेवायचं त्याने ठरवलं. त्यातून १९५४ मध्ये लाँग विटनमचं पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथली घरं पुठ्ठ्याची, जलरंगांनी रंगवलेली. एकेका घराला महिनोन् महिने लागतात. भिंतीची डागडुजी, परसातल्या भाज्या, छपराचा बसका कणा, सगळं खऱ्या घरावरून घेतलेलं. अहर्नची मॅडर व्हॅलीही आता तिथेच आहे. हँबर्गचं मिनियाटुर वुंडरलांड २००१ पासून वाढतंच आहे आणि विस्तारात त्याची बरोबरी कुणी करू शकत नाही, पण घरी बांधणाऱ्याने जावं ते पेंडनच्या वाटेनं. कॅलिफोर्नियात माँटेरेचा छायाचित्रकार जॉन ॲलन याने गाड्यांवर गंज, काजळी आणि धूळ चढवण्याची कला या छंदात रुजवली. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला, आणि काही दिवसांतच त्याचा लेआउट आगीत गेला. उरली ती त्यानेच काढलेली छायाचित्रं. ती पाहूनच पुढची पिढी शिकली.

मराठी माणसाला हे जग जवळून दाखवलं ते पुण्याच्या भाऊसाहेब जोशींनी. कोथरूडमधलं त्यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. दिवे मालवून शहर उजळलं की लहान मुलं श्वास रोखून पाहतात. ते शहर कल्पनेतलं आहे. त्यापुढची पायरी म्हणजे आपल्या मातीतलं एखादं नेमकं स्टेशन. आणि त्यासाठीचं हस्तकौशल्य आपल्याकडे घरोघरी आहेच. दिवाळीत पोतं, विटा आणि चिखलाचा किल्ला करणाऱ्या मुलांना डोंगराचा उतार, तटाची वळणं आणि अळिवाची हिरवळ कुणी शिकवावी लागत नाही. किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी चालतं. लेआउटवर तेवढं एक चालत नाही.

बांधणीची सुरुवात फळीपासून. नऊ किंवा बारा मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड आणि खाली लाकडी चौकट. आपल्या हवेत पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. रूळ वाकडे होण्याचं कारण उष्णतेपेक्षा बहुधा हेच असतं. म्हणून रूळ टाकण्याआधी प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना व्हार्निश द्यावं. एकच बाजू रंगवली तर फळी हमखास पिळते. उंची छातीपर्यंत ठेवावी. हे अनेकांना पटत नाही, पण हिशोब करून पाहा. नेहमीच्या टेबलापाशी उभं राहिलं की डोळे फळीच्या ऐंशी-नव्वद सेंटिमीटर वर असतात. १:८७ च्या माणसाच्या लेखी ती पंचविसाव्या मजल्याची उंची होते. फळी वर घेतली की आपण जवळजवळ फलाटावरच उभे राहतो.

रूळ एन गेजचाच घेतला तर एक गोष्ट सांभाळावी लागते. त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात. नॅरोगेजसाठी ते लांब, जाड आणि विरळ हवेत. असा तयार रूळ मिळतो, किंवा जुना रूळ कापून लाकडाच्या पट्ट्यांवर पुन्हा बसवता येतो. चाकांसह खालचा सांगाडाही एन गेजच्या इंजिनाचा चालतो. जपानी कंपन्यांची छोटी यंत्रणा घ्यायची आणि वर पितळी पत्र्याचं, प्लास्टिकचं किंवा त्रिमितीय छपाईचं अंग चढवायचं, ही जगभरची रीत आहे. वीज साधी १२ व्होल्टची पुरते. प्रत्येक इंजिनाला वेगळा पत्ता देणारी डिजिटल पद्धत उत्तम आहे, पण दोन इंजिनांच्या स्टेशनाला तिची निकड नाही. तो पैसा चांगल्या सांध्यांवर घालावा.

खरी मजा जमिनीत आहे. दख्खनची माती पुस्तकातल्या तपकिरी रंगाने होत नाही. शेतातली खरी माती आणून वाळवावी, कुटावी, चहाच्या गाळणीतून आणि मग तलम कापडातून चाळावी. त्यानंतर तिच्यातून लोहचुंबक फिरवायलाच हवा. बेसॉल्टच्या मातीत लोहखनिजाचे कण असतात, ते मोटरीच्या चुंबकाला चिकटून इंजिन खातात. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून तो पातळ द्रव ड्रॉपरने माती-खडीवर सोडतात. साबणामुळे पाणी थेंबाथेंबाने न थांबता आत झिरपतं. वाळल्यावर माती गडद होते, म्हणून वरून फिकट धुळीचा हात द्यावा. खडीचंही माप असतं. ६५ मिलिमीटरचा खरा दगड इथे पाऊण मिलिमीटरचा. आणि नॅरोगेजच्या यार्डात खडी फारशी दिसू नये. रूळ मातीत अर्धे बुडालेले, मधे गवत, मालधक्क्यापाशी तेलाचे डाग. रुळांच्या बाजू गंजक्या, पण माथा चकचकीत ठेवावा. एवढ्या एका गोष्टीने रूळ वापरातला वाटतो.

गवताचे तंतू स्थिरविद्युत यंत्राने उभे बसतात, पण तयार तंतूंचा रंग युरोपच्या कुरणाचा असतो. सोलापूरकडचं माळरान वर्षातले आठ महिने पिवळं. हिरव्या तंतूंची पुडी तशीच ठेवून गवती, करडा आणि फिकट पिवळा असे तीन रंग मिसळावेत. झाडांचंही तेच. बाजारात पाइन आणि ओक मिळतात, आपल्याला बाभूळ आणि कडुनिंब हवेत. तांब्याच्या बारीक तारा पिळून खोड करावं, फांद्या आडव्या पसरवाव्यात, पाला विरळ ठेवावा. बाभळीतून पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे.

मालधक्क्याच्या छपराला पन्हळी पत्रा लागतो. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हळींमधलं अंतर तीन इंच, प्रमाणात पाऊण मिलिमीटरहून किंचित जास्त. पाच मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळईचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात. जाडसर ॲल्युमिनियम फॉइल रबरावर ठेवून ती सळई दाबून फिरवली की पन्हळी उमटतात. माणसं तयार मिळतात ती कोट-टोपीवाली, दोन सेंटिमीटर उंचीची. टोपी कापून एम-सीलचा फेटा बांधावा, पातळ टिश्यूचं धोतर किंवा नऊवारी नेसवावी. रंग मूळ छटेपेक्षा थोडा फिका घ्यावा. लहान वस्तूवर पूर्ण गडद रंग खेळण्यासारखा दिसतो. आषाढीच्या दिवसांचं दृश्य करायचं असेल तर फलाटावर पाच-सहा माणसं ठेवून भागणार नाही. एकही चेहरा तपशिलात न रंगवता पांढऱ्या-भगव्या ठिपक्यांची दाटी करावी, आणि अगदी पुढच्या रांगेतली तीन-चार माणसं मात्र नीट घडवावीत.

लेआउट सजला की गाडी चालवण्याची शिस्त येते. ताशी ३० किलोमीटर वेग या प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर भरतो. बहुतेक जण याच्या चौपट पळवतात, आणि सगळी मेहनत दहा सेकंदांत संपते. बार्शीच्या गाडीने साडेतीन मीटरला पाऊण मिनिट घ्यावं. मालगाडीच्या कामासाठी ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराची इंगलनूक योजना या जागेला चपखल बसते. दोन सांधे आणि तीन साइडिंगा, एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोघींत तीन-तीन. आठ वाघिणी उभ्या करायच्या, प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी काढायची, आणि निघालेल्या पहिल्या पाच त्याच क्रमाने लांब साइडिंगेत लावायच्या. इंजिनामागे एका वेळी तीनच वाघिणी येतील एवढा तुकडा मोकळा. कापसाच्या गठ्ठ्यांची वाघीण धक्क्याशी हवी, रिकामी मागे हवी, असं ठरवून खेळलं तर एक संध्याकाळ पुरत नाही. आठांतून पाचांचे क्रम ६७२० होतात.