दुसरा सूर

ज्या घरी संगीत म्हणजे आजीचे अभंग, गणपतीतल्या आरत्या आणि भावगीते, म्हणजे कंठ कितीही असोत, सूर मात्र एकच, अशा घरातली अकरा-बारा वर्षांची मुलगी अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या कॅथॉलिक कन्याशाळेच्या क्वायरमध्ये निवडली जाते आणि पहिल्याच तालमीत तिला बजावले जाते, की शेजारची मुलगी जी चाल गाईल ती तू गायची नाहीस, तुझा सूर तिच्याखालचा, निराळा, आणि सुटा ऐकला तर गाणे कोणते हेही कळू नये असा. तेव्हा तिच्यापुढे उभी राहणारी अडचण केवळ गळ्याची नसते. तिचा कान जन्मापासून शेजारच्या सुरात सूर मिसळायला शिकलेला, आणि येथे तर न मिसळणे हेच तिचे कर्तव्य. दोन दिवस ती आपला सूर धरून ठेवते, तिसऱ्या दिवशी नकळत वरच्या चालीवर चढते, आणि शिक्षिका न रागावता पियानोवर तिचा एकटीचा सूर पुन्हा पुन्हा वाजवून दाखवतात. या शाळांत मुलींना जे जे शिकवले जाते त्यात हा दुसरा सूर मला अत्यंत मोलाचा वाटतो.

मुलींच्या क्वायरमध्ये सामान्यतः, वरच्या आवाजाकडून खालच्याकडे, तीन गट असतात: पहिला सोप्रानो, दुसरा सोप्रानो आणि आल्टो. पुरुषांचे टेनर व बास हे खालचे आवाज येथे नसल्यामुळे साऱ्या रचनेचा पाया सांभाळण्याचा भार आल्टोवर येतो. षड्ज, गंधार आणि पंचम हे तीन स्वर तीन गटांनी एकाच क्षणी लावले, की पाश्चात्त्य संगीताचा मूलभूत स्वरमेळ सिद्ध होतो. तो आपल्याला सर्वस्वी परका आहे असेही नाही. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याच्या रूपाने हाच मेळ आपल्या बैठकीत अखंड निनादत असतो. आपण तो वाद्यावर सोपवला आणि पाश्चात्त्यांनी माणसांत वाटून दिला. एकोणिसाव्या शतकात नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने बालकांसाठी रचलेल्या आणि जॉन कर्वेन यांनी प्रसृत केलेल्या टॉनिक सोल्फा पद्धतीत तर 'डो' हा आपल्या षड्जाप्रमाणेच हव्या त्या पट्टीत बसतो; म्हणून पेटीवर सारेगम गिरवलेल्या मुलीला ती फारशी अवघड जात नाही.

परंतु मुलींच्या वाट्याला हा सूर सुखासुखी आलेला नाही. १५३४च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीज अमलाखाली गेल्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात, जेथे नटराजाचे प्राचीन शिल्प आहे तेथेच, प्रार्थनामंदिर थाटले आणि वरच्या बाजूस मठ उभारला. त्याचे भग्नावशेष आजही उभे आहेत, आणि त्याच परिसरात आज मेरी इमॅक्युलेट ही मुलींची शाळा भरते. पोर्तुगीज अमलातील, विशेषतः गोव्यातील, चर्चच्या शाळांतून मुलगे स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकले; त्या परंपरेतूनच प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे कलावंत मुंबईच्या चित्रपटसृष्टीला लाभले. त्या नामावळीत स्त्रियांची नावे शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही, आणि याचे एक कारण चर्चच्या दफ्तरातच सापडते.

२२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची अधिष्ठात्री मानल्या गेलेल्या संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी जे फर्मान काढले त्यात गायकवृंदाचे काम हे उपासनेतील अधिकाराचे काम असल्यामुळे स्त्रियांना त्यात प्रवेश नाही, उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्यावेत, असा स्पष्ट दंडक होता. (एका गायिकेच्या सणाचा मुहूर्त साधून गायिकांना मज्जाव व्हावा याची खंत मला अजून वाटते.) त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी कडक झाली नाही, धर्मभगिनी आपल्या मठांत गातच होत्या. १९५५मध्ये बारावे पायस यांनी, पुरेसे मुलगे नसतील तेथे स्त्रियांना व मुलींना, वेदीपासून दूर आणि पुरुषांपासून वेगळे बसवून, गाण्याची मुभा दिली. आणि १९६७मध्ये केवळ स्त्रियांचा गायकवृंदही मान्य झाला, पण तोही खरी गरज असेल तेथेच. याउलट व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात, जेथे १७०३पासून संगीतकार व्हिवाल्दी शिकवीत असत, मुलींचा वाद्यवृंद आणि गायकवृंद युरोपभर विख्यात होता. मात्र त्याही जाळीआड उभ्या राहून गात.

त्याच व्हेनेतो प्रांतातल्या व्हेरोना शहरी १८०८ साली माग्दालेना द कानोसा यांनी गरीब मुलींच्या शिक्षणासाठी जो संघ स्थापला, त्याच्या नावाची कन्याशाळा अंधेरीत महाकाली गुंफांच्या रस्त्यावर आहे. याच रस्त्यावर ज्ञान आश्रम आहे. तेथे जॉर्ज प्रोक्श या जर्मन धर्मगुरूंनी भारतीय चालींवर हिंदी भजने रचली. १९६३मध्ये व्हॅटिकन परिषदेने लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना उपासनेत स्थान दिले, आणि असल्या रचनांना चर्चचे दार पुरते उघडले. आज एकाच क्वायरच्या वहीत इंग्रजी कॅरोल, कोकणी आणि मराठी गीते, हिंदी भजन आणि क्वचित एखादी लॅटिन ओळ शेजारी नांदतात, आणि ती वही हाती धरणाऱ्या मुलींत हिंदू, जैन, मुसलमान घरच्या कितीतरी असतात.

तालमीची खरी कसोटी सातवी-आठवीत लागते. मुलग्यांचा आवाज जसा सप्तकभर खाली कोसळतो तसा मुलींचा कोसळत नाही, पण तोही दोन-तीन अर्धस्वरांनी उतरतो, काही महिने त्यात हवा मिसळते, वरचे सूर फाटतात. काल पहिल्या रांगेत चाल गाणारीला मागच्या रांगेत जावे लागते आणि तिचे डोळे भरून येतात. जाणत्या शिक्षिका अशा वेळी तिला हा बदल समजावून सांगतात आणि आल्टोचा एखादा सुंदर तुकडा तिच्या हाती देतात. ज्या शिक्षिकेला हे भान नसते, तिच्या हातून चांगला गळा कायमचा मुका होऊ शकतो.

घरी मुलगी हा आल्टोचा सूर गुणगुणते तेव्हा आई विचारते, हे कुठले गाणे? तिला उत्तर देता येत नाही, कारण एकटीने गायला ते गाणेच नव्हे. दहावी झाली की हीच गोष्ट तिला नडते. सोप्रानो गाणारी मुलगी आपली चाल जन्मभर गाऊ शकते, आल्टोला मात्र इतर कंठ लागतात. कॅथॉलिक मुलीला पॅरिशची क्वायर असते, परंतु कुलकर्ण्यांच्या वा शहांच्या मुलीने पाच वर्षे खपून कमावलेला हा कान कोठे न्यावा? बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे, मुलुंडला कालिदास आहे; वर्षातून एखादी संध्याकाळ तेथे या शाळांच्या माजी विद्यार्थिनींनी एकत्र यावे, मराठी कविता तीन आवाजांत बांधून घ्याव्यात आणि आल्टोच्या मुलींना, त्या आता चाळिशीच्या का असेनात, पहिल्या रांगेत उभे करावे.