बांको (स्पॅनिश शब्द)

बांको हे स्पॅनिश भाषेतील पुल्लिंगी सामान्यनाम आहे. बसण्याचे बाक आणि पैशांचे व्यवहार करणारी बँक हे त्याचे दोन प्रमुख अर्थ होत. माशांचा थवा, समुद्रातील वाळूचा दांडा आणि सुताराचे कामाचे मेज यांनाही हाच शब्द लावला जातो. त्याचे अनेकवचन बांकोस असे होते.

व्युत्पत्ती

या शब्दाचे मूळ जर्मानिक भाषांमध्ये असून मूळ अर्थ बसण्याचे बाक असा आहे. मध्ययुगीन इटलीतील सराफ बाकावर किंवा मेजावर नाणी मांडून व्यवहार करीत. त्यावरून आलेला आर्थिक अर्थ इटालियनमार्फत स्पॅनिशमध्ये पोहोचला. दिवाळखोरीसाठीचा बांकारोता हा शब्दही इटालियनमधून आलेला असून त्याचा शब्दशः अर्थ ‘मोडलेले बाक’ असा होतो. देणी बुडवणाऱ्या सराफाचे बाक लोक फोडून टाकत, अशी कथा यासंदर्भात सांगितली जाते; ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही.

मराठीत याच कुळातील दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. ‘बाक’ हा शब्द पगार, चावी, बटाटा यांप्रमाणे पोर्तुगीजमधून आला, तर ‘बँक’ इंग्रजीतून. पोर्तुगीज शब्दालाही दोन्ही अर्थ आहेत, परंतु मराठीने त्यातील बसण्याचाच अर्थ उचलला. त्यामुळे स्पॅनिशमधील एका शब्दासाठी मराठी भाषकाकडे दोन स्वतंत्र शब्द असतात.

वाक्यातील संदिग्धता

शिकणाऱ्याची खरी अडचण शब्दापेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या ‘एन’ या शब्दयोगी अव्ययामुळे होते. मराठीत ‘बँकेत’ आणि ‘बाकावर’ यांतील प्रत्यय व अव्यय भिन्न असल्याने घोटाळा होत नाही. स्पॅनिश ‘एन’ मात्र ‘आत’ आणि ‘वर’ हे दोन्ही संबंध दाखवते. ‘ते एस्पेरो एन एल बांको’ या वाक्याचा अर्थ ‘मी बँकेत तुझी वाट पाहतो’ असाही होतो आणि ‘मी बाकावर तुझी वाट पाहतो’ असाही. व्याकरणाच्या आधारे यांतील एक अर्थ निवडता येत नाही. भेट बागेत ठरली आहे की पैसे काढण्यासाठी, हे आधी ठाऊक असावे लागते. गरज भासल्यास बोलणारा ‘बांको देल पार्के’ (बागेतील बाक) असे म्हणतो किंवा बँकेच्या शाखेसाठी सुकुर्साल हा शब्द वापरतो.

बांका हे स्त्रीलिंगी रूप स्पेनमध्ये मुख्यतः बँकिंग व्यवसायासाठी वापरले जाते. मेक्सिकोत त्याला हा अर्थ आहेच, शिवाय बागेतील बाकही बांकाच.

इतर अर्थ

‘बांको दे पेसेस’ म्हणजे माशांचा थवा. लॅटिन अमेरिकेत त्यासाठी कार्दुमेन हा शब्द अधिक आढळतो. ‘बांको दे आरेना’ म्हणजे वाळूचा दांडा आणि ‘बांको दे निएब्ला’ म्हणजे धुक्याचा पट्टा. मात्र नदीच्या काठाला बांको म्हणत नाहीत. तेथे ओरिया किंवा रिबेरा हे शब्द योग्य ठरतात. इंग्रजीच्या सवयीमुळे ही चूक सहज होते. ‘बांको दे सांग्रे’साठी मराठीत रक्तपेढी हा नेमका प्रतिशब्द आहे.

बांकियो म्हणजे लहान बाक. फुटबॉलमधील राखीव खेळाडूंची जागा आणि न्यायालयातील आरोपीचे आसन या दोहोंना हे नाव आहे. बांकेता म्हणजे पाठ नसलेले छोटे आसन. मेक्सिकोत मात्र रस्त्याकडेच्या पदपथाला बांकेता म्हणतात. ‘क’चा उच्चार कायम राखण्यासाठी या दोन्ही शब्दांच्या लेखनात ‘सी’ऐवजी ‘क्यू-यू’ ही अक्षरे येतात.

प्रसिद्ध उदाहरणे

स्पेनची मध्यवर्ती बँक ‘बांको दे एस्पान्या’ हिचा उगम 1782 मध्ये स्थापन झालेल्या ‘बांको दे सान कार्लोस’मध्ये आहे, सध्याचे नाव तिला 1856 मध्ये मिळाले. माद्रिद मेट्रोच्या एका स्थानकालाही तेच नाव आहे. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधील रंगीत तुकड्यांनी मढवलेले नागमोडी बाक हेही स्पॅनिशमध्ये बांकोच.