परदेशात पैसे चोरीला गेले, व्हिसाची मुदत संपली. लपू नका, आधी कागद करा

करमाडसारख्या गावातूनही आता माणसे परदेशात जाऊ लागली आहेत. शेंद्रा एमआयडीसीत काम करणारा तरुण पगारातून पैसे बाजूला काढून थायलंड किंवा श्रीलंकेच्या धम्मसहलीला जातो. बचत गटातील महिला लुंबिनीला जाऊन येतात. कुणाची मुलगी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकते, कुणाचा भाऊ कामासाठी दुबईला असतो. २०२३ साली परभणीहून चैत्यभूमीपर्यंत निघालेल्या धम्मपदयात्रेत थायलंडचे भिक्खू मराठवाड्यातून चालत गेले. तेव्हापासून तो देश आपल्या अनेक तरुणांना जवळचा वाटू लागला आहे.

सहलीला निघण्याआधी विहारात बैठक होते. सामान काय घ्यायचे, जेवण कसे असेल, पांढरे कपडे किती लागतील यावर बोलणे होते. पैसे चोरीला गेले तर काय करायचे आणि व्हिसाची तारीख उलटली तर काय होते, हे दोन प्रश्न मात्र सहसा निघत नाहीत. म्हणून आम्ही ते इथे मांडत आहोत.

खरी अडचण लाजेची आणि भीतीची

आपल्या घरातला माणूस परदेशात जातो तेव्हा त्याच्यामागे एकट्याचे पैसे नसतात. आईची बचत असते, कुणाकडून घेतलेले उसने असते. असे पैसे चोरीला गेले की पहिला विचार येतो तो "घरी काय सांगू?" हा. मग माणूस सोबत्यांपासूनही गोष्ट लपवतो.

दुसरी गोष्ट पोलिसांच्या भीतीची. पोलीस ठाणे आणि सरकारी कचेरी यांचा आपल्या समाजाचा अनुभव फारसा चांगला नाही. १९३४ साली दौलताबाद किल्ल्यातील हौदावर हातपाय धुतले म्हणून खुद्द बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अडवण्यात आले होते. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदवला आहे. अधिकाऱ्यासमोर जाताना पाय मागे ओढला जातो, त्यामागे असा मोठा इतिहास आहे. पण परदेशात हीच सवय घात करते. तिथे तक्रार न करणारा माणूस चोराला मोकळा सोडतो आणि स्वतःचा पुरावा गमावतो. व्हिसा संपल्यावर लपून राहणाऱ्याचा दंड तर रोज वाढत जातो.

बाबासाहेबांनी काय केले होते?

१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांची पुस्तके व सामान वेगळ्या जहाजाने येत होते. पहिल्या महायुद्धाचा तो काळ. जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात ते जहाज बुडाले. मेहनतीने जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. पण सामान थॉमस कुक कंपनीमार्फत रीतसर पाठवलेले होते, त्यामुळे नुकसानभरपाई मिळाली आणि त्या पैशावर त्यांना बडोद्याला नोकरीवर हजर होण्यासाठी जाता आले.

दुसरी गोष्ट मुदतीची. लंडन सोडण्याआधी बाबासाहेबांनी विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली होती, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करता येईल. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले.

मौल्यवान वस्तूची नोंद ठेवणे आणि मुदत संपण्याआधी परवानगी घेणे, या दोन गोष्टी शंभर वर्षांनंतरही तशाच लागू आहेत. पुढे सांगितलेले सगळे याच दोन गोष्टींचा विस्तार आहे.

पैसे चोरीला गेल्यावर पहिले काही तास

सर्वात आधी कार्ड बंद करा. बँकेच्या क्रमांकावर फोन करा किंवा अ‍ॅपमधून कार्ड गोठवा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मोबाइलही गेला असेल तर सोबत्याच्या फोनवरून घरी कळवा. घरच्यांनी सिम बंद करायला सांगावे आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवावे.

वेळ इथे फार महत्त्वाचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर ग्राहकावर नुकसान येत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही भार ग्राहकावर येतो. पिन कार्डावरच लिहून ठेवला असेल किंवा कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान आपले.

मग पोलीस ठाणे गाठा. चोरी जिथे झाली तिथेच तक्रार द्यावी लागते. परत येऊन करमाड पोलीस ठाण्यात देऊ म्हटले तर त्याचा उपयोग होत नाही. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, श्रीलंकेत १९१२ आणि नेपाळमध्ये ११४४. भाषा येत नसेल तर गाइडला किंवा तिथल्या विहारातील कुणाला सोबत न्या. तक्रारीत जे गेले तेवढेच सांगा. दहा हजार गेले असताना पन्नास हजार सांगणे हा चौथ्या शीलाचा भंग आहेच, शिवाय नंतर विमा कंपनीच्या चौकशीत तो आपल्याच अंगलट येतो. तक्रारीची शिक्क्यासह प्रत घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. विमा, बँक आणि दूतावास, तिन्हीकडे हाच कागद विचारला जातो.

प्रवास विम्याबद्दल एक गैरसमज दिसतो. पासपोर्ट किंवा सामान गेल्याचा खर्च अनेक पॉलिसींत मिळतो, पण रोख रक्कम बऱ्याचदा धरलेली नसते. पॉलिसी घेतानाच हे विचारून घ्यावे.

घरून पैसे कसे मागवायचे?

भारतातल्या पैसे पाठवण्याच्या अनेक दुकानांत परदेशातून आलेले पैसे घेता येतात, इथून तिकडे पाठवता येत नाहीत. बाहेर पैसे पाठवायचे तर बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला विदेशी चलन विक्रेता लागतो, आणि पाठवणाऱ्याचे पॅन कार्ड लागते. यात वेळ जातो. त्यापेक्षा फॉरेक्स कार्ड नेलेले बरे. त्यात घरच्यांना इथून पैसे भरता येतात. त्याचे जोड कार्ड मिळत असेल तर ते वेगळ्या बॅगेत ठेवावे.

नेपाळ, श्रीलंका, भूतान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात या देशांत काही ठिकाणी यूपीआय चालते. त्यावरच विसंबून राहू नये. गटाने जात असाल तर प्रत्येकाकडून थोडी रक्कम घेऊन सामाईक आपत्कालीन निधी करावा आणि तो दोघांकडे विभागून ठेवावा. एकाचे पैसे गेले तर दोन दिवसांची सोय त्यातून होते.

पासपोर्टही गेला असेल तर

पोलिसांकडची प्रत घेऊन भारतीय दूतावासात जा. तिथे दोन मार्ग असतात. नवा पासपोर्ट मिळतो, पण त्याला वेळ लागू शकतो. लवकर परतायचे असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. ते फक्त भारतात एकदा परतण्यासाठी असते, त्यावर तिसऱ्या देशात जाता येत नाही. फोटो आणि जुन्या पासपोर्टची झेरॉक्स सोबत असली तर काम सोपे होते.

पासपोर्टबरोबर व्हिसा आणि आगमनाचा शिक्काही जातो. त्यामुळे नवा कागद हातात आल्यावर तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन आपल्या प्रवेशाची नोंद त्यावर करून घ्यावी लागते. हे राहिले तर विमानतळावर अडकायला होते. आणि चोरीची तक्रार दिलेला जुना पासपोर्ट नंतर सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये. तो रद्द झालेला असतो.

व्हिसाची तारीख आणि राहण्याची तारीख

व्हिसा किती दिवस वैध आहे आणि तुम्हाला किती दिवस राहता येईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावर तीन महिन्यांची तारीख असली तरी राहण्याची परवानगी तीसच दिवसांची असू शकते. विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टवर जो शिक्का बसतो, त्यावरची तारीख पाळायची. शिक्का बसताच ती वाचा आणि तिचा फोटो घरी पाठवा. अनेक ठिकाणी उतरल्याचा दिवस पहिला दिवस धरतात. रात्री साडेबाराचे विमान असेल तर तारीख बदललेली असते, हेही ध्यानात ठेवा.

मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करायचा. थायलंडमध्ये पर्यटकाला इमिग्रेशन कार्यालयात १९०० बाट शुल्क भरून मुदतवाढ मागता येते. आजारपण, चोरी, विमान रद्द होणे अशी कारणे असतील तर त्यांचे कागद सोबत न्यावेत.

नेपाळला जाताना भारतीयांना व्हिसा लागत नाही. तरी विमानाने जायचे असेल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना चालते. आपल्या सहलींत यावरून विमानतळावर गोंधळ होऊ शकतो.

मुदत उलटलीच तर

आधी मनातली भीती बाजूला ठेवा आणि हिशेब समजून घ्या. थायलंडमध्ये जास्तीच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाट दंड आहे, तो २०,००० बाटपर्यंत जातो. ९० दिवसांपेक्षा जास्त राहून स्वतःहून हजर झालेल्याला एक वर्ष प्रवेशबंदी होते, मुदत जास्त उलटली असेल तर बंदीही वाढते. तोच माणूस पकडला गेला तर वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेसाठीही पाच वर्षांची बंदी आहे. स्वतः जाऊन सांगणारा आणि पकडला जाणारा यांच्यात कायद्यानेच एवढा फरक केला आहे. अमिरातीत दंड दिवसाला ५० दिरहम आहे. हे दर बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावेत.

दंड भरायलाही पैसे नाहीत, अशी वेळ आली तर दूतावासाला सांगा. २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. अडचणीतल्या भारतीयाची खरी गरज तपासून त्यातून निवारा, परतीचे तिकीट, कायदेशीर मदत देता येते. कामगाराची चूक नसताना बेकायदा मुक्कामाचा दंड झाला असेल तर त्यासाठीही हा निधी वापरता येतो. तो हक्काने सर्वांना मिळतोच असे नाही, पण मागितल्याशिवाय तर मिळतच नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर २०१५ पासून ऑनलाइन तक्रार करता येते. ती घरचा माणूस करमाडमध्ये बसूनही करू शकतो.

कामाच्या आमिषाबद्दल

काही तरुणांना पर्यटक म्हणून थायलंडला नेले जाते आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबले जाते. पासपोर्ट काढून घेतात, मुदत संपते, आणि "बाहेर गेलास तर पोलीस पकडतील" अशी भीती दाखवतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. म्हणून "टुरिस्ट व्हिसावर या, तिथे आल्यावर कामाचा करून देऊ" असे कुणी म्हटले की तिथेच थांबा. पासपोर्ट कुठल्याही मालकाकडे किंवा एजंटकडे ठेवायला देऊ नका.

निघण्याआधी विहारात एक तास द्या

प्रत्येक गटाने सहलीआधी एक तास फक्त कागदांसाठी ठेवावा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विमा यांच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. एक वेगळ्या बॅगेत, एक घरी. दूतावासाचा आणि बँकेचा क्रमांक कागदावर लिहावा, कारण मोबाइलच गेला तर त्यातले क्रमांकही जातात. प्रत्येकाच्या परतीची तारीख गटातल्या एकाने वहीत लिहून ठेवावी. ज्येष्ठ उपासिका सोबत असतील तर तरुणांनी त्यांचे कागद तपासून द्यावेत.

आणि त्याच बैठकीत मोठ्याने एक गोष्ट सांगावी: कुणाचे पैसे गेले किंवा तारीख चुकली, तर त्याने पहिल्याच तासात गटाला सांगायचे, आणि गटाने त्याला एका शब्दानेही बोल लावायचा नाही. चोरी करणाऱ्याने शील मोडलेले असते. ज्याचे चोरीला गेले, त्याने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.