मोहोळच्या कोरड्या हवेत गंजणारी केबिन

रंग नवाकोरा, मागच्या फळीवर ताजा मोर काढलेला, आणि दाराच्या खालच्या कडेला पेचकस टेकवला तर आरपार. उसाच्या हंगामाआधी जुने ट्रक दुरुस्तीला निघतात तेव्हा हे हमखास दिसतं. मालक चक्रावतो. कोकणातली गाडी गंजली तर समजू. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, मग मोहोळात गंज आला कुठून?

लोखंड गंजायला पाऊसच लागतो असं नाही, नुसता ओलावा पुरतो. पाणी किती पडलं यापेक्षा ते किती वेळ बसून राहिलं, हे महत्त्वाचं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंजाचा वेग वाढतो. पत्र्यावर क्षार बसलेले असतील तर त्याहून कमी आर्द्रताही चालते. हिवाळ्यात दिवसा तापलेली केबिन पहाटे गार पडते आणि पत्र्याला आतूनही दव धरतं. बाहेरचं दव उन्हं वर आली की उडतं. दाराच्या पोकळीतलं, खांबातलं, पायदानाखालचं तिथंच राहतं. रबरी मॅटखाली पोतं अंथरलं असेल तर विचारूच नका.

त्यात गाळप हंगाम नेमका याच दिवसांत. टाकळी सिकंदरच्या भीमा कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या एखाद्या गाडीची केबिन आणि हौदा यांच्यातली फट पाहा: पाचट, माती आणि उसाच्या तुटल्या टोकांतून झिरपलेला रस. हा रस आंबतो आणि आम्ल होतो. कलमकारीचे रंगारी काळा रंग मिळवायला गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून कित्येक दिवस आंबवत ठेवतात. ते मुद्दाम करतात, आपल्या केबिनच्या पाठीवर ते आपोआप होतं. खत वाहणाऱ्या गाडीचीही सुटका नाही. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. गंजायला समुद्रापर्यंत जावं लागत नाही.

‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, त्याला काही होत नाही’ हा दुसरा गैरसमज. टेल्को कंपनीने डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बांधायला सुरुवात केली, तो करार १९६९ मध्ये संपला. त्या काळात आणि नंतरही पुष्कळ ट्रक कारखान्यातून नुसत्या चेसिसच्या रूपात निघत आणि केबिन बॉडीबिल्डर बांधत. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकला की ओलं लाकूड आणि लोखंड यांचा सहवास कायमचा. आजची बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने आतल्या पोकळीतही रंगवली जाते. ते भाग्य या केबिनना लाभलं नाही. जाड पत्रा गंजायला वेळ जास्त घेतो, एवढंच. कुणी दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देतो. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे वर संरक्षक थर तयार झाला आहे. आपल्या दाराच्या पत्र्यात ती मिजास नाही.

खरा घोळ लांबीचा. भोकावर लांबी भरली, घासली, रंग मारला, की काम झालं असं मानतात. लांबी म्हणजे पुट्टी. ती खळगा भरते, पत्र्याची जागा घेत नाही. वर ती ओलावा शोषते, आणि पाणी लावून घासल्यावर नीट वाळू न देता रंग चढवला तर पाणी आतच कोंडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. वर सुपारीएवढा फोड दिसला तर आत हाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो.

दुरुस्ती करायची तर चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापायचा. खांब कापण्याआधी दार बसवून फटी तपासायच्या आणि आतून टेका द्यायचा, नाहीतर पॅच सुंदर बसतो आणि दार लागत नाही. बॅटरीच्या तारा काढायच्या. पॅच त्याच जाडीचा घ्यायचा आणि एका दमात न ओढता अंतराअंतरावर टाके घालत वेल्डिंग करायचं. पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. ‘जस्ताचा पत्रा टाकला, आता काळजी नाही’ असं म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: लोखंड १५३८ अंशांना वितळतं, जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे सांध्याजवळचं जस्त वेल्डिंगमध्येच उडून जातं. त्याचा धूर वेल्डरला थंडीताप आणतो, तो वेगळाच. सांध्याला नंतर प्रायमर, सीलर आणि रंग लागतोच, आतल्या बाजूनेही.

नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी महिनोन्‌महिने फिरवणं चूक. प्रायमरचा थर सच्छिद्र असतो, त्याला वरच्या रंगाचं झाकण हवं. (गंमत म्हणजे त्यातला तांबडा रंग लोखंडाचा ऑक्साइडच असतो.) गंज थांबवणारी काळी द्रावणं निरुपयोगी नाहीत. त्यांतल्या काहींमध्ये टॅनिन असतं, तेच जे हिरड्यात असतं. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी काळी शाई करत. पण ही द्रावणं पातळ, घट्ट चिकटलेल्या तांबेऱ्यावर चालतात. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतणं म्हणजे फक्त पैसे वाया.

जळकं ऑइल फवारण्याची जुनी चाल अगदीच खोटी नाही, तेल पाण्याला अडवतं. मात्र वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं असतात, रबर फुगतं, वर धूळ चिकटून चिखल होतो आणि खालची जमीन नासते. पोकळ भागांसाठी मेणाचा फवारा बरा.

आणि दाराच्या तळाची भोकं. आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून ती ठेवलेली असतात. घाईचा रंगारी नेमकी तीच लांबीने बुजवतो. मग काचेच्या फटीतून उतरलेलं पाणी दारातच बसतं. खंडेनवमीला बॉनेटवर फोडलेल्या नारळाचं पाणीही असंच काचेच्या रबराखाली उतरतं. गोड-खारट, थोडंसंच. पुढे कधी काच काढली की त्या कोपऱ्यातला पत्रा चाळणीसारखा दिसतो.