खाऱ्या तळ्याकाठी गार शेवया

एप्रिलचा तिसरा आठवडा. बुलढाणा जिल्ह्यातली शहाणी माणसं ज्या दिवसांत सकाळी दहानंतर दार लावून घेतात, ते दिवस. अशात एका संध्याकाळी मेहकरहून मित्राचा फोन आला. ‘‘रविवारी लोणारला जाऊ. डबा मी आणतो.’’

‘‘अरे, या उन्हात?’’

‘‘उन्हाळ्याचंच जेवण आहे. जपानी.’’

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. कारण हा माझा मित्र, ज्याला सारं गाव मास्तर म्हणतं, त्यानं वयाच्या साठीपर्यंत गॅसची शेगडी कधी पेटवली नव्हती. तीस वर्षं मुलांना शाळेत विज्ञान शिकवलं, बर्नर पेटवायचा तो फक्त प्रयोगशाळेत. आमची ओळख बँकेच्या काउंटरवरची. ऐंशीच्या दशकात मी त्या भागातल्या शाखेत होतो आणि मास्तर दर महिन्याला पगार काढायला यायचा. पैसे मोजून झाले की काउंटरवर कोपर टेकवून अर्धा तास विज्ञान सांगायचा, आणि मागची रांग माझ्या नावानं बोटं मोडायची.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगी टोकियोत असते, एदोगावा भागात. तिथल्या निशी-कसाई वस्तीत इतके भारतीय आहेत की २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचा मराठी माणूस त्या भागाच्या सभागृहात निवडून गेला. मागच्या हिवाळ्यात मास्तर तीन महिने मुलीकडे राहून आला. आता ती म्हणते, बाबा, इकडेच या. नात लहान आहे तोवर आजोबांना तिथं राहायचा परवाना मिळू शकतो. कागद आलेत, सही व्हायची आहे. मी त्याला म्हटलं होतं, ‘‘म्हणजे हे मुदतीचं कर्ज आहे. नात मोठी झाली की परतफेड.’’ त्यावर तो हसला नव्हता.

मी बुलढाण्याहून पाचला निघालो, मेहकरला त्याला घेतलं. त्याच्याकडे तीन डबे, एक मोठा थर्मास आणि एक जुना, झाकणाला गंज चढलेला पत्र्याचा डबा. तो डबा त्यानं मागच्या सीटवर ठेवला नाही, मांडीवर घेतला. रस्त्याकडेचा पळस केव्हाच फुलून गेला होता, बहावा मात्र पिवळाधमक लटकला होता. मास्तर सांगू लागला की जपानात वसंतात चेरी फुलली की सगळं गाव डबे घेऊन झाडाखाली सतरंज्या टाकतं. त्याला ‘हनामी’ म्हणतात, म्हणजे फुलं पाहणं. डब्याला ‘बेंतो’. आपल्या शेगाव स्टेशनावर जशी कचोरी, तशी तिथं मोठ्या स्टेशनागणिक वेगळ्या जेवणाची पेटी मिळते, आणि काही लोक म्हणे त्या पेटीसाठी गाडीत बसतात. कचोरीसाठी शेगावला उतरलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत, त्यामुळे यात मला नवल वाटलं नाही.

लोणारचं विवर मी किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. तरी काठावर उभं राहिलं की छातीत एक ठोका चुकतोच. जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल अशी ही परात, काळ्या बसाल्ट खडकात आकाशातून आलेल्या दगडानं एका क्षणात कोरलेली. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. वय आधी पन्नासेक हजार वर्षं सांगत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनं ते पाच लाख सत्तर हजारांवर नेलं. बँकेत वयाचा दाखला असा बदलून आणला असता तर मी तो परत पाठवला असता. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळी वर्तमानपत्रं इकडे धावली होती. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगाची ती करामत. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर यादीत जागा मिळाली.

खाली उतरून कमळजा देवीच्या बाजूला फिरून आलो. वर चढताना मी चार वेळा थांबलो, मास्तर एकदाही नाही. जपानात रोज आठ हजार पावलं चालायची सवय लागली म्हणे. जेवण मात्र खाली नको, असं आमचं आधीच ठरलं होतं. अभयारण्यात खरकटं सांडू नये, आणि तिथली वानरं परवानगी विचारत नाहीत. काठापासून थोड्या अंतरावर माझ्या एका जुन्या खातेदाराचं शेत आहे. मी मंजूर केलेल्या कर्जाची विहीर अजून त्याला पाणी देते, त्यामुळे तिथं मला मान आहे. त्याच्या विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली सतरंजी पसरली. खातेदार आणि त्याची बायको दोघंही पाहायला आली.

पहिल्या डब्यातून भाताचे तिकोनी मुटके निघाले. ‘ओनिगिरी’. आंबेमोहोर मऊ शिजवून, मिठाच्या पाण्यानं हात ओला करून वळलेले. त्यांच्या पोटात जपानी लोक ‘उमेबोशी’ घालतात: एक आंबट फळ मिठात मुरवून तीन दिवस उन्हात वाळवलेलं. मास्तरानं घरचं जुनं लिंबाचं लोणचं घातलं होतं. हेतू तोच, चव यावी आणि भात लवकर आंबू नये. तरी आमच्या उन्हाचा भरवसा नको म्हणून त्यानं भात पहाटे चारला केला होता आणि डब्याभोवती ओलं फडकं बांधलं होतं. असा मुटका काही आजची फॅशन नव्हे. १९८७ साली इशिकावा प्रांतात उत्खननात भाताचा एक जळून कोळसा झालेला गोळा सापडला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुणीतरी कुणासाठी तरी बांधून दिलेली ती शिदोरीच असणार.

मुटक्याला समुद्रशेवाळाची काळी पट्टी गुंडाळली होती. खातेदारानं ती सोलून बाजूला ठेवली. ‘‘कागद कायले खाऊ बाप्पा?’’

दुसऱ्या डब्यात काकडीच्या फोडी आणि बशीत तपकिरी लगदा. त्याचं नाव मिसो. त्यानं बोटानं चाटला, डोळे बारीक केले. ‘‘हे काय व्हय?’’

‘‘सोयाबीन,’’ मास्तर म्हणाला. ‘‘शिजवायचं, मीठ आणि बुरशी धरलेला तांदूळ मिसळायचा, आणि महिनोन्‌महिने मुरू द्यायचं.’’

‘‘आमी तं सोयाबीन इकून टाकतो. खात कोन्ही नाही.’’

हे मला थोडं लागलं. नव्वदच्या दशकात ज्वारी आणि कपाशीच्या जागी सोयाबीन येताना मी खुर्चीत होतो. कितीतरी पीककर्जांवर माझी सही आहे. तेल निघालं, ढेप कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशाला गेली, बाजारभाव वर-खाली झाला. पण ज्या दाण्यातून जपान्यांनी मिसो, सोया सॉस, टोफू, नातो असं निम्मं स्वयंपाकघर उभं केलं, तो दाणा आमच्या ताटात आलाच नाही. ज्वारी मात्र ताटातून गेली. असो. शेतकऱ्याच्या बायकोनं आतून भाकरी आणि ठेचा आणला, आणि मिसो भाकरीला लावून खाल्ला तो फारच बरा लागला.

मास्तराचा वर्ग एव्हाना सुरू झाला होता. तळ्याकडे हात करून तो म्हणाला, ‘‘या पाण्याचा खार कशात जायचा, माहीत आहे?’’ आईन-ए-अकबरीत या भागातल्या काचेच्या आणि साबणाच्या मालाचा उल्लेख आहे, एवढं मला ठाऊक होतं. त्याचा मुद्दा निराळा होता. या तळ्यातला सोड्याचा खार आणि आपल्या बायका उडदाच्या पिठात घालतात तो पापडखार, हे एकाच कुळातले. जपानी लोक रामेन नावाच्या शेवयांच्या पिठात असाच खार घालतात, त्याला ‘कान्सुई’ म्हणतात. त्यानं पीठ चिवट होतं, शेवई पिवळसर होते आणि गरम रश्शात विरघळत नाही. ‘‘म्हणजे,’’ तो म्हणाला, ‘‘तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी मी रामेन खाल्लं तेव्हा मला आपल्या पापडाच्या लाटीचा वास आला. मुलगी म्हणाली, बाबा, काहीतरीच.’’

मग त्यानं तो पत्र्याचा डबा उघडला.

आत शेवया होत्या. तळाला चार-पाच मुठी उरल्या असतील. चूल मागून घेतली, शेवया उकळून विहिरीच्या पाण्यात दोनदा धुतल्या आणि थर्मासातल्या बर्फाच्या पाण्यात सोडल्या. जपानात उन्हाळ्यात ‘सोमेन’ अशाच खातात: गव्हाच्या बारीक शेवया, बर्फगार, आल्याचा कीस घातलेल्या सोया सॉसच्या पाण्यात बुडवून. काही ठिकाणी तर उभ्या चिरलेल्या बांबूतून गार पाण्याबरोबर त्या सोडतात आणि लोक काड्यांनी पकडून खातात. लोणारच्या बारमाही धारेखाली हा खेळ करून पाहावा असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

शेतकऱ्याची बायको वाटीत वाकून पाहत होती. ‘‘ह्या हातच्या हायेत. मशीनच्या नाहीत. कोनं केल्या?’’

‘‘घरच्याच आहेत,’’ मास्तर म्हणाला.

तेवढ्यावर तिला कळलं. मला कळायला जरा वेळ लागला. तो शेवटच्या उन्हाळ्यातला डबा होता. वहिनींनी अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या शेवया मीच पाहिल्या होत्या; गूळ-दुधाची वाटीही मला मिळाली होती. दोन वर्षं त्यानं डबा उघडला नव्हता. आणि उघडला तो असा, सोया सॉसच्या पाण्यात.

आम्ही खाल्ल्या. खारट, आल्याच्या तिखट झणक्याच्या आणि थंडगार. घशाखाली उतरताना उन्हाचा विसर पडला. गोड नसलेली शेवई मला परकी वाटेल असं वाटलं होतं, तशी ती वाटली नाही. पण हे मी त्याला लगेच सांगितलं नाही.

‘‘मला जमेल का रे तिथं?’’ त्यानं वाटीकडे बघत विचारलं. ‘‘खाण्याचं म्हणत नाही. खाणं जमतं. दोन महिने मी घरी हेच करून खातोय, बघायला. पण संध्याकाळी सहाला कुणाकडे जायचं? तुझ्याशी भांडायला फोन पुरेल?’’

चाळीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत हजार माणसांना मी सल्ला दिला. जामीन कोण, तारण काय, हप्ता किती झेपेल. त्या दिवशी मला यातलं काही सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, ‘‘फोन पुरणार नाही. तरी तू जा.’’ तो माझ्याकडे बघत राहिला. नातीला शेवया खायला कोण शिकवणार, असं काहीतरी मी पुढे बोललो. ते लंगडं होतं, हे दोघांनाही समजलं.

निघताना त्यानं रिकामा डबा विहिरीवर घासून पुसला. मग शेतकऱ्याच्या बायकोकडे गेला. ‘‘बाई, जूनच्या आधी पाच किलो शेवया करून द्याल का? बारीक. हातानं वळलेल्या.’’

तिनं डबा हातात घेऊन झाकण लावून-काढून पाहिलं.

‘‘गहू तुमचा का आमचा?’’ ती म्हणाली.